काळजाचं इंग्रजी काय?

रात्री साडेआठला मेसच्या रांगेत उभं राहून "पोटात कावळे ओरडतायत" असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्यापैकी एकाच्याही डोळ्यांपुढे कावळा येत नाही. येते ती गरम पोळी. आता समजा, एखाद्या भाषांतरकारानं मराठी कादंबरीतलं हे वाक्य शब्दशः उचललं आणि इंग्रजीत लिहिलं की त्या मुलाच्या पोटात कावळे कर्कश आवाजात ओरडत होते. लंडनमधला वाचक म्हणेल, काय ही माणसं! साध्या भुकेचंसुद्धा केवढं भयाण काव्य करतात! बरं, दुसऱ्या कुणी "त्याला भूक लागली होती" एवढंच लिहिलं तर? अर्थ पोचला, पण आपला मेसमधला मुलगा गेला. त्याच्या जागी भूक लागलेला जगातला कुणीही माणूस येऊन बसला.

या दोन टोकांच्या मधे नेमकं कुठं उभं राहायचं, हा भाषांतराचा खरा प्रश्न आहे. मला तो पडला इंडोनेशियन भाषेमुळे. गेली काही वर्षं मी ही भाषा हौसेनं शिकतो आहे आणि तिच्यातल्या कथा-कविता इंग्रजी भाषांतरांशी ताडून वाचतो आहे. (कुठल्या सेमिस्टरला आहे हे विचारू नका, हा विषय कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.) इंडोनेशियन साहित्य आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक इंग्रजीतूनच. म्हणजे इंग्रजी भाषांतरकारानं वाटेत जे टाकून दिलं, ते आपल्यालाही मिळत नाही. मग ते आपल्या घरात आधीपासून पडलेलं का असेना! हा लेख त्या सांडलवंडीबद्दल आहे.

भाषेची थोडी ओळख करून देतो. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेनं हिला एकजुटीची भाषा म्हणून स्वीकारलं. घरी जावानीज बोलणारे कितीतरी जास्त असताना मलय भाषेवर आधारलेली ही भाषा निवडली गेली, हे आपल्या देशातले भाषावाद पाहता नवलच म्हणायचं. लिपी रोमन. क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत आणि 'तो', 'ती', 'ते' या तिघांना मिळून एकच सर्वनाम. शिकायला सोपी वाटते ती यामुळेच, आणि भाषांतराला अवघड जाते तीही यामुळेच!

शिवाय संस्कृत शब्द भरपूर. भूमीला 'बूमी', मनुष्याला 'मानुसिया', काचेला 'काचा'. पण जपून. आपल्या 'कथे'चा तिकडे 'काता' झाला आणि त्याचा अर्थ झाला 'शब्द'. 'वंशा'चा 'बांग्सा' झाला आणि अर्थ झाला 'राष्ट्र'. आणि 'चिंता' म्हणजे चक्क प्रेम! (हॉस्टेलमधल्या काही मित्रांना या दोन्ही गोष्टी आधीपासूनच एक वाटतात, तो भाग वेगळा.)

आता दहावीचं व्याकरण जरा आठवा. उपमेय म्हणजे ज्याबद्दल बोलायचं ते, उपमान म्हणजे ज्याची उपमा द्यायची ते. उपमा अलंकारात 'सारखा', 'जणू' असा पूल असतो. रूपकात पूल काढून टाकतात आणि दोन्ही काठ एकच आहेत असं ठणकावून सांगतात. माझं निरीक्षण असं की उपमेय बहुतेक सगळीकडे तेच असतं. भूक, प्रेम, कर्ज, म्हातारपण, पश्चात्ताप. उपमान मात्र गावातलं असतं. ते शेतातून येतं, चुलीजवळून येतं, हवामानातून येतं. भाषांतरात मोडतं ते उपमान. पीटर न्यूमार्क या इंग्रज अभ्यासकानं १९८१ च्या आपल्या पुस्तकात रूपकाचं भाषांतर करायचे बरेच मार्ग सांगितले आहेत, पण आपल्यापुरते तीनच धरू. मूळ उपमान तसंच ठेवा, त्या जागी वाचकाच्या गावातलं उपमान आणा, किंवा उपमान सोडून सरळ अर्थ सांगा. तिन्ही मार्ग बरोबर असतात आणि तिन्ही चुकतात. कुठं कुठला, एवढाच प्रश्न.

'माता' या शब्दापासून सुरू करू. ही आपली आई नव्हे. इंडोनेशियनमध्ये माता म्हणजे डोळा आणि 'हारी' म्हणजे दिवस. 'माताहारी' म्हणजे दिवसाचा डोळा, अर्थात सूर्य. 'माता आइर', पाण्याचा डोळा, म्हणजे झरा. 'माता काकी', पायाचा डोळा, म्हणजे घोटा. 'माता उआंग', पैशाचा डोळा, म्हणजे चलन. डोळ्यापुढे डोळा ठेवला, 'माता-माता', की झाला हेर! (माताहारी हे नाव घेतलेली जी डच नर्तकी जावात राहून युरोपात गेली, तिला १९१७ साली फ्रान्समध्ये हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. योगायोगच, पण डोक्यातून जात नाही.)

हे सगळं ऐकायला फार गोड आहे, आणि नवखा भाषांतरकार इथंच घसरतो. 'सकाळी दिवसाचा डोळा उघडला' असं काहीतरी इंग्रजीत लिहून टाकतो. माझ्या मते ही अप्रामाणिकपणाची हद्द आहे. जकार्तातला बसवाला "आज माताहारी फार तापलाय" म्हणतो तेव्हा त्याला फक्त ऊन लागत असतं. आपण नाही का उसाच्या कांडीवरच्या कोंबाला डोळा म्हणत, मोराच्या पिसावर डोळा म्हणत? इंग्रजीतल्या 'डेझी' या फुलाचं नावसुद्धा जुन्या इंग्रजीतल्या 'दिवसाचा डोळा' या शब्दांतूनच आलं आहे, म्हणून कोणी इंग्रज माळी फुलांना पाणी घालताना डोळ्यांना पाणी घालत नाही. ही मेलेली रूपकं. त्यांना जिवंत करून दाखवलं की मूळ भाषेतली माणसं उगीचच कवी किंवा आदिवासी जादूगार वाटायला लागतात. पूर्वेकडच्या साहित्याच्या इंग्रजी भाषांतरांत हा रंग पुष्कळदा फासलेला दिसतो.

मग जिवंत की मृत हे ओळखायचं कसं? आपल्याकडे वायरमनच्या खिशात टेस्टर असतो ना, तसा एक टेस्टर मी वापरतो. पुढची दोन-तीन वाक्यं वाचायची. लेखकानं सूर्य म्हणून पुढे नुसती सकाळ वर्णन केली असेल तर दिवा लागत नाही, वायर मृत आहे, सरळ 'सन' लिहा. पण लेखकानं पुढे म्हटलं असेल की ढग आला आणि त्यानं पापणी मिटली, तर लेखकानं जुन्या शब्दातला डोळा मुद्दाम जागा केला आहे. टेस्टर पेटला! आता हात लावताना सांभाळून. इथं 'सन' लिहून भागणार नाही, इंग्रजी वाक्यात डोळा कुठून तरी आणावाच लागेल.

यापेक्षा अवघड गोष्ट 'हाती'ची. हाती म्हणजे यकृत, लिव्हर. पण राग, लोभ, माया, दुखावणं हे सगळं इंडोनेशियन माणूस हातीत ठेवतो. छातीत धडधडतं त्या हृदयाला वेगळा शब्द आहे, 'जांतुंग'. (केळफुलालाही तिकडे 'केळीचं जांतुंग' म्हणतात. केळफूल एकदा हातात घेऊन बघा, पटेल.) इंग्रजीत भावना ठेवायची जागा ठरलेली, हार्ट. म्हणून भाषांतरकार हातीचं 'हार्ट' करतात, आणि ते बरोबरच आहे. "माझं लिव्हर दुखावलं" असं नायिका म्हणाली तर वाचक तिला डॉक्टरकडे नेईल.

पण मराठी वाचकानं इथं जरा थांबावं. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो तेव्हा काय मिळतं? यकृत. आणि त्याच 'काळजा'चा तुकडा म्हणून आपण पोरीला जवळ घेतो, त्याच काळजाला आपल्या घरं पडतात. मराठीत काळीज हे शरीरशास्त्राच्या दृष्टीनं हृदय आणि यकृत यांच्या सीमेवर कुठंतरी डुलत असतं आणि आपलं काही अडत नाही. इंडोनेशियनमध्ये लाडक्या मुलाला 'बुआह हाती' म्हणतात, यकृताचं फळ. इंग्रजीत याचं 'डार्लिंग' होतं किंवा 'स्वीटहार्ट' होतं. मराठीत? काळजाचा तुकडा! अवयव तोच, माया तीच, फक्त फळाऐवजी तुकडा. म्हणजे इंडोनेशियनमधून मराठीत थेट यायचं तर एका ढांगेत आलो असतो, पण इंग्रजीच्या स्टेशनवर गाडी बदलताना काळीज तिथंच राहून गेलं आणि आपल्या हाती आलं 'डार्लिंग'. त्या 'डार्लिंग'चं मराठी भाषांतर कुणी करील 'प्रिये' किंवा 'सोन्या'. मूळ शब्द आपल्या खाटकाकडे होता हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

याच हातीचा एक सापळाही आहे. 'माकान हाती' म्हणजे शब्दशः यकृत खाणं. घरातल्याच कुणाच्या वागण्यानं मनातल्या मनात कुढत राहणं, बोलता न येणं, असा अर्थ. इंग्रजीत हार्ट खाण्याचा तयार वाक्प्रचार आहे आणि घाईत हात तिकडेच जातो. पण इंग्रजीत स्वतःचं हार्ट खाणं म्हणजे कुणासाठी झुरणं, किंवा दुसऱ्याचं चांगलं पाहून जळणं. सासूच्या टोमण्यांनी आतून पोखरली गेलेली सून त्या वाक्प्रचारात घातली की ती एकदम मत्सरी दिसायला लागते. उपमान जवळजवळ सारखं असणं हे पूर्ण वेगळं असण्यापेक्षा धोक्याचं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर नट-बोल्टचे आटे किंचित वेगळे असले की बोल्ट दोन फेरे छान जातो आणि मग अडकतो.

कधी कधी मात्र नशीब साथ देतं. दुकान बुडालं, धंदा बंद केला, याला इंडोनेशियन म्हणतात 'गुलुंग तिकार', चटई गुंडाळली. इंग्रजीत बंद पडलेल्या धंद्याला घडी घातली जाते, 'फोल्ड' होतो तो. चटई गेली, पण गुंडाळणं राहिलं. आणि आपण तर गाशाच गुंडाळतो! गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं कापड. जावातला व्यापारी चटईवर बसलेला आणि आपला मराठा गडी घोड्यावर, एवढाच फरक.

स्वयंपाकघराकडे वळू. 'नासी सुदाह मन्जादी बुबुर.' भाताची आता पेज झाली. होऊन गेलं ते गेलं, आता उलटवता येत नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना ही म्हण मी आवर्जून ऐकवली होती, कारण इररिव्हर्सिबल प्रोसेसचं इतकं खमंग उदाहरण आपल्या टेक्स्टबुकात नाही. इंग्रजी भाषांतरकाराच्या समोर लगेच तयार म्हण येते, सांडलेल्या दुधावर रडून काय उपयोग. अर्थ जुळतो. पण विचार करा, जावातल्या खेड्यातली म्हातारी चुलीपुढे बसून बोलते आहे आणि तिच्या तोंडून लँकेशायरचं दूध सांडतं आहे! आणि नुसता रंग बदलतो असंही नाही. सांडलेलं दूध मातीत जातं. पेज मात्र खाता येते. इंडोनेशियात या म्हणीवर लोक गमतीनं पुढे जोडतात की मग घाला त्यात कोंबडी आणि करा 'बुबुर आयाम', म्हणजे कोंबडीची पेज, जी तिकडे सकाळच्या नाश्त्याला गाड्यागाड्यांवर मिळते. कादंबरीतल्या दुसऱ्या पात्रानं असं उत्तर दिलं तर दूध सांडून बसलेला भाषांतरकार काय करणार? दुधात कोंबडी घालणार? म्हणून माझं मत, इथं भात आणि पेज तशीच ठेवावीत. इंग्रज वाचकाला भात शिजवताना पाणी जास्त झालं तर काय होतं हे कळत नाही असं समजणं हा त्याचाच अपमान आहे.

तोच न्याय 'आसाम-गाराम'ला. हे आपलं ईशान्येकडचं राज्य नव्हे. आसाम म्हणजे आंबट, चिंचही, आणि गाराम म्हणजे मीठ. आयुष्याची पुष्कळ चिंच आणि मीठ खाल्लेला माणूस म्हणजे अनुभवी माणूस. आपल्याकडे अशा माणसानं चार पावसाळे जास्त पाहिलेले असतात. साध्या बातमीत हे वाक्य आलं तर 'अनुभवी' लिहून पुढे जावं. पण कथेतली आजी नातवाला बजावताना म्हणत असेल, तर चिंच ठेवावी, मीठही ठेवावं, आणि कृपा करून तळटीप देऊ नये. तळटीप दिलेला विनोद आणि तळटीप दिलेलं रूपक, दोन्ही थंड झालेल्या चहासारखे.

काही ठिकाणी उपमान जसंच्या तसं नेलं तरी हवेत विरतं, कारण त्या प्राण्याची तिकडची पत्रिका वेगळी असते. इंडोनेशियनमध्ये अप्राप्य माणसावर प्रेम करणाऱ्याला म्हणतात, 'चंद्रासाठी झुरणारं पुंगुक'. पुंगुक हे एक घुबड. रात्रभर फांदीवर बसून चंद्राकडे बघत राहतं. इंग्रजीत घुबड म्हणजे शहाणपणाचा पुतळा, चश्मा लावलेला प्राध्यापक. तो कशाला झुरेल? मराठीत तर घुबड घरावर बसलं की आजी मीठ-मोहऱ्या काढते. म्हणजे दोन्हीकडे पक्षी नापास. पण आपल्याकडे चंद्रावर जगणारा एक पक्षी आहे, चकोर. आणला चकोर की काम झालं? मला तसं वाटत नाही. चकोर हा कवितेतला सुंदर, खानदानी पक्षी, आणि त्याला चांदणं प्यायला मिळतंही. पुंगुक बिचारं कुरूप, गरीब, आणि त्याला काहीच मिळणार नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. त्या म्हणीत थोडी कीव आहे, थोडी चेष्टा आहे. फर्स्ट इयरचा मुलगा फायनल इयरच्या टॉपरकडे बघतो ना, तसं. चकोर घातला की चेष्टा जाते. इंग्रजीत चंद्रासाठी रडण्याचा वाक्प्रचार आहे, पण तो हट्टी पोराचा, प्रेमिकाचा नव्हे. इथं मी तरी घुबडच ठेवीन, आणि त्याच्या आसपासच्या वाक्यात त्याचं गरीबपण दिसेल एवढं बघीन.

आता ज्या उदाहरणासाठी हा सगळा खटाटोप केला तिकडे येतो.

सापार्दी जोको दामोनो हे इंडोनेशियाचे अतिशय लाडके कवी. जन्म १९४०, निधन २०२०. त्यांची १९८९ मधली एक छोटी कविता तिथं शाळकरी मुलांनाही पाठ असते. तिचं नाव 'हुजान बुलान जुनी'. हुजान म्हणजे पाऊस, बुलान म्हणजे महिना (आणि चंद्रही, पुंगुकाचा तोच), जुनी म्हणजे जून. जून महिन्यातला पाऊस. शब्दाला शब्द, भाषांतरात काही म्हणजे काही अडचण नाही. पहिलीतला मुलगा करील.

पण कविता वाचताना आपण महाराष्ट्रातले लोक काय समजतो? जून म्हणजे मृग. रोहिणी कोरड्या गेलेल्या, विहिरी आटलेल्या, सगळं गाव आभाळाकडे बघत बसलेलं आणि मग ढोल-ताशे वाजवत येणारा पाऊस. ज्याची वाट पाहिली तो. कॉलेज नुकतं सुरू झालेलं, छत्री घरी राहिलेली. आणि इंग्लंडमधला वाचक काय समजतो? जून म्हणजे उन्हाळा, आणि पाऊस काय, तिथं कधीही पडतो, क्रिकेटच्या मॅचमध्ये हमखास.

जावात जून हा कोरड्या हंगामातला महिना. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. कारण सरळ आहे. जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे पाणी घेऊन येतात तेव्हा जावावरून ऑस्ट्रेलियाकडचे कोरडे वारे वाहत असतात. ऋतूला तिकडे शब्द आहे 'मुसिम'. आपला 'मोसम', इंग्रजांचा 'मान्सून' आणि तो मुसिम हे तिघं एकाच अरबी आईची लेकरं, पण वेळापत्रक उलटं! म्हणजे जूनमधला पाऊस हा जावात येऊ नये तेव्हा येणारा पाऊस. ज्याला पडायचं आहे पण पडायची वेळ नाही असा. सापार्दींनी त्या पावसाला सोशिक म्हटलं आहे, शहाणा म्हटलं आहे. फुलांनी डवरलेल्या झाडाबद्दलची आपली ओढ तो गुपित ठेवतो. (गुपित ठेवण्यासाठी तिथं आलेलं क्रियापद आपल्या 'रहस्य' शब्दापासूनच बनलं आहे.) सगळं रूपक या एका गोष्टीवर उभं आहे की हा पाऊस अवेळी आहे. ते काढलं की उरतो नुसता पाऊस आणि नुसतं झाड.

आणि हे कवितेत कुठंही लिहिलेलं नाही! लिहिण्याची गरजच नव्हती, तिथल्या प्रत्येकाला जून माहीत आहे. भाषांतरकारानं करायचं काय? 'अवेळीचा पाऊस' म्हटलं तर कवितेतला शहाणा, गप्प बसणारा पाऊस एकदम बोलायला लागला. महिना बदलून इंग्रज वाचकाला कळेल असा घातला तर जावा गेलं. तसंच ठेवलं तर इंग्रज वाचकाला सोशिकपणा कशाचा ते कळत नाही आणि आपल्याला तर नेमकं उलटं कळतं. इंजिनिअरिंगमध्ये आपण म्हणतो की बाउंडरी कंडिशन दिल्याशिवाय समीकरण सुटत नाही. इथं समीकरण पूर्ण आलं आहे, बाउंडरी कंडिशन जावातच राहिली.

त्यात भर सर्वनामाची. इंडोनेशियनमध्ये '-न्या' हा एकच प्रत्यय, त्याचा, तिचा, कुणाचाही. त्यामुळे मूळ कवितेत तो पाऊस म्हणजे कोण, प्रियकर की प्रेयसी की खुद्द निसर्ग, हे उघडं राहतं. इंग्रजीत निवड करावीच लागते. निर्जीव सर्वनाम वापरलं तर पाऊस वस्तू होतो, पुरुषी वापरलं तर झाड आपोआप स्त्री होऊन बसतं. मराठीत पाऊस 'तो' आणि झाड 'ते'. मला आपली ही सोय आवडते. पावसाला 'तो' म्हणताना आपण त्याला पुरुष ठरवलं असं काही होत नाही, आपण तसं बोलतोच. मराठीत थेट भाषांतर करणाऱ्यानं मात्र जूनचं काय करायचं हे आधी ठरवावं. मी बरेच दिवस त्यावर डोकं लढवलं. शीर्षक तसंच ठेवून, पुस्तकाच्या प्रस्तावनेत एकदाच जावाचा ऋतुकाळ सांगून टाकावा, या निष्कर्षाला मी आलो आहे. कवितेखाली टीप नको. वाचकाला कविता वाचायच्या आधी जून बदलून द्यायचा, नंतर नव्हे.

कादंबऱ्यांच्या नावांतही हीच मारामारी. प्रामुद्या अनंता तूर यांना सुहार्तो राजवटीनं खटला न चालवता बुरू बेटावर १९६९ ते १९७९ ठेवलं. लिहायला कागद मिळत नव्हता तेव्हा त्यांनी आपली गोष्ट सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. तिच्यातून चार कादंबऱ्या झाल्या. पहिली 'बूमी मानुसिया', १९८० ची. आपल्याला भाषांतरच नको, भूमी मनुष्याची! इंग्रजीत झालं 'धिस अर्थ ऑफ मॅनकाइंड'. त्यातला 'धिस' मुळात नाही, पण मला तो पटतो, त्यानं पायाखालची जमीन दाखवली जाते. भाषांतरकार मॅक्स लेन हे जकार्तातल्या ऑस्ट्रेलियन वकिलातीत अधिकारी होते. १९८१ साली कादंबरीवर इंडोनेशियात बंदी आली आणि या भाषांतरापायी लेन यांनाही त्याच वर्षी मायदेशी परत बोलावण्यात आलं. शब्दाला शब्द जोडण्याचं काम निरुपद्रवी असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

चौथीचं नाव 'रुमाह काचा', १९८८. रुमाह म्हणजे घर. काचेचं घर. वसाहतीच्या सरकारसाठी काम करणारा एक देशी पोलीस अधिकारी ही गोष्ट सांगतो. चळवळीतल्या प्रत्येक माणसाची हालचाल त्याला बाहेरून दिसते, जणू सगळा देश काचेच्या घरात ठेवला आहे. इंग्रजीत 'हाउस ऑफ ग्लास'. तीन शब्द घेतले हे फार चांगलं केलं. 'ग्लासहाउस' असा जोडशब्द केला असता तर काचेच्या घरात राहणाऱ्यांनी दगड मारू नयेत ही इंग्रजी म्हण आडवी आली असती. पण एक गोष्ट सुटलीच. इंडोनेशियनमध्ये रुमाह काचा म्हणजे रोपं वाढवायचं हरितगृहसुद्धा. एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात आपण ज्याला ग्रीनहाउस इफेक्ट लिहितो त्याला तिकडे 'एफेक रुमाह काचा' म्हणतात. म्हणजे त्या घरात नुसती पाळत नाही, आतली उष्णता बाहेर न जाता वाढत राहणंही मला दिसतं. वाचताना ज्याला जे दिसेल ते.

एका नावावर मात्र मी फिदा आहे. एका कुर्नियावान यांची 'लेलाकी हारिमाऊ'. (एका हे त्यांचं नाव आहे, संख्या नव्हे.) लेलाकी पुरुष, हारिमाऊ वाघ. मार्गिओ नावाच्या तरुणाच्या अंगात पांढरी वाघीण राहते आणि तो एका माणसाचा गळा दातांनी फोडतो. इंडोनेशियनमध्ये विशेषण नामानंतर येतं, तेव्हा इंग्रजीच्या नियमानं 'टायगर मॅन' व्हायला हवं. तसं केलं असतं तर स्पायडरमॅनचा चुलतभाऊ आला असता. लाबोदालिह सेम्बिरिंग यांच्या २०१५ च्या भाषांतराचं नाव आहे 'मॅन टायगर'. इंग्रजीला जरा खटकतं, आणि म्हणूनच बरोबर आहे. वाघासारखा माणूस की माणसातला वाघ, हे ठरवायला नाव नकार देतं. २०१६ साली हे पुस्तक मॅन बुकर इंटरनॅशनलच्या पहिल्या यादीत होतं.

इंग्रजीला खटकणारा हा क्रम आपल्याला कसा वाटतो बघा. पुरुषव्याघ्र. नरसिंह. पाणिनीनं दुसऱ्या अध्यायात यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे. उपमेय आधी, वाघ नंतर, आणि दोघांत समान काय आहे ते मात्र बोलायचं नाही. बोललात तर समास होत नाही. हा नियम मला रूपकाच्या भाषांतराचाही नियम वाटतो. पुष्कळ इंग्रजी भाषांतरकार घाबरून मधे 'सारखा' घालतात, आणि अंगातली वाघीण एकदम पिंजऱ्यात जाते.

आणखी पुष्कळ आहे. पांतुन नावाच्या चार ओळींच्या पद्यात पहिल्या दोन ओळी वरवर असंबद्ध चित्राच्या आणि पुढच्या दोन मुद्द्याच्या असतात. आपल्या उखाण्यात भाजीचा आणि नवऱ्याच्या नावाचा जेवढा संबंध तेवढाच, तरी यमकानं बांधलेला. २०२० साली युनेस्कोनं इंडोनेशिया आणि मलेशिया या दोघांचा मिळून तो वारसा म्हणून नोंदवला. उखाण्याचं इंग्रजी भाषांतर ज्यानं करून पाहिलं असेल त्याला मी पुढे सांगायला नको.

संपादकांनी जागा संपल्याची खूण केली आहे, तेव्हा एक गंमत तुमच्यावर सोपवतो. 'आदा उदांग दी बालिक बातु.' दगडामागे कोळंबी आहे. म्हणजे वरवर दिसतं त्यामागे काहीतरी छुपा हेतू आहे. इंग्रजीत अशा वेळी माशाचा वास येतो, 'फिशी'. मराठीत कुठंतरी पाणी मुरत असतं. तिघांनाही पाणीच आठवलं, पण कोळंबी धरली फक्त जावाच्या पोरानं. रेक्टर सर अचानक गोड बोलायला लागतात तेव्हाच्या प्रसंगात हे वाक्य घालायचं आहे. कोळंबी ठेवायची, मासा आणायचा की पाणी मुरू द्यायचं? ज्याला जे सुचेल ते कागदावर लिहून मराठी विभागाच्या पेटीत टाका.